गोष्ट आणि संगत



वडखळच्या नाक्यावर मुंबईहून येणारा रस्ता फुटतो. एक वाट नागोठण्यावरून गोव्याकडे जाते, दुसरी धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला. या नाक्याच्या मागल्या अंगाला खोल्यांच्या रांगा आहेत आणि त्यांत आसपासच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार राहतात. कोणी नांदेडकडचा, कोणी ओडिशातला, कोणी बिहारातला. संघटनेच्या कामासाठी मी या खोल्यांतून रात्रीच फिरतो. कारण दिवसा कामगार भेटत नाही, आणि भेटला तरी बोलत नाही.

पूर्वी अशा खोलीत शिरले म्हणजे चटईवर पत्त्यांचा डाव दिसे. मागल्या वर्षी एका खोलीत निराळेच दृश्य दिसले. पाच जणांनी वर्गणी काढून जुना टीव्ही आणि वापरलेले खेळाचे यंत्र विकत आणले होते. दोघे खेळत होते, तिघे बघत होते. पडद्यावर नवराबायकोच्या दोन बाहुल्या धावत होत्या. मध्येच खेळ थांबला आणि बाहुल्या आपसात बोलू लागल्या. बोलणे इंग्रजीत. खेळणाऱ्यांपैकी एकजण मन लावून ऐकू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्याने चहाच्या उधारीवरून असा काही विनोद केला की सगळी खोली हसली. पहिला वैतागून म्हणाला, "अरे, गोष्ट तरी ऐकू दे!" दुसरा म्हणाला, "गोष्टच ऐकायची तर एकट्याने सिनेमा बघ की. आम्ही कशाला बसलोय इथे?"

मी गेलो होतो वर्गणीच्या पावत्या घेऊन, आणि परतलो तो हा वाद डोक्यात घेऊन. मी शाळा आठवीत सोडली. पुढे जे शिकलो ते वाचनालयातून आणि संपाच्या मांडवांतून. त्यामुळे यंत्राच्या अंतरंगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण तो वाद ऐकताना मला वाटले की हा तंटा यंत्राचा नव्हेच. चार माणसे मिळून एक गोष्ट अनुभवू पाहतात तेव्हा गोष्टीत बुडून जायचे की एकमेकांच्या सहवासात रमायचे, हा प्रश्न उभा राहतोच. आपल्या महाराष्ट्राने तो निदान दोनशे वर्षे हाताळलेला आहे. त्याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावा असा माझा विचार आहे.

प्रथम एक खुलासा. पैशाची पैज लावून मोबाइलवर जे खेळ चालत त्यांनी कित्येक कामगारांचे पगार गिळले. त्यांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. त्या खेळांविषयी मी बोलत नाही. ज्यात दोन किंवा चार जण एका बाजूला उभे राहून एक काम तडीस नेतात, अशा सहकारी खेळांविषयी मी बोलतो आहे.

आता आपल्या घरापासून आरंभ करू. नारदीय कीर्तनाचे दोन भाग आपण सर्व जाणता. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. या दोहोंच्या मध्ये कीर्तनकार थांबतो. त्याला हार घालतात, बुक्का लावतात, भजन होते, बसलेली माणसे जरा हातपाय मोकळे करतात. हा विसावा वरवर पाहता केवळ औपचारिक दिसतो. वस्तुतः त्यात मोठी व्यवहारदृष्टी आहे. समोरचा श्रोता दिवसभर राबून आलेला आहे, त्याला शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, हे ओळखून त्या बोलण्याला कीर्तनातच जागा ठेवलेली आहे. पुढे आख्यान रंगात आले असता कीर्तनकार मध्येच सर्वांकडून विठ्ठलनामाचा गजर करून घेतो. पेंगणारा जागा होतो, आणि जागा होतो तो गोष्टीच्या बाहेर न जाता.

तमाशाची रचनाही हेच सांगते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. गौळणीतली मावशी आणि पेंद्या हे गोकुळातले खरे, परंतु त्यांचे बोलणे गावच्या बाजारातले असते. बतावणीत तर गोष्टच नसते. दोन सोंगाडे गावातल्या उणिवांवर बोलतात आणि लोक मनमुराद हसतात. हसून हसून मोकळी झालेली ही माणसे मग वगासाठी शांत बसतात. वगाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि 'मोहना-बटाव' हा पहिला वग समजला जातो. म्हणजे एकसंध कथा तमाशात मागाहून आली. ती आली तेव्हा आधीची थट्टामस्करी हाकलून देण्यात आली नाही. तिला तिची वेळ नेमून देण्यात आली. आपल्या कोकणातल्या दशावताराकडे पाहा. तिथेही संकासुराचा धुमाकूळ आधी होतो आणि आख्यान त्यानंतर लागते.

सन १८४३ च्या नोव्हेंबरात विष्णुदास भावे यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले. आपल्या रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मानतो. त्या नाटकांत सूत्रधार पद्यातून कथा सांगे, आणि पात्रे तिला धरून आपापली भाषणे बहुतांशी आयत्या वेळी करीत. विदूषक तर प्रेक्षक आणि पात्रे या दोघांशीही बोले. गोष्टीचा दोर एकाच्या हाती, आणि त्या दोराला धरून बाकीच्यांना मोकळीक, अशी ही व्यवस्था होती. हा सूत्रधार आपण लक्षात ठेवू. तो पुढे वडखळच्या खोलीत पुन्हा भेटणार आहे.

परंतु तोल नेहमीच साधला असे नाही. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले, संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला, आणि त्याबरोबर 'वन्स मोअर'ही आले. शोकात बुडालेले पात्र प्रेक्षकांच्या आग्रहाखातर उठे आणि तेच पद पुन्हा म्हणे. बालगंधर्वांच्या काळात तर नाटक पहाटेपर्यंत लांबे. गाण्याच्या रसिकाला ते स्वर्गसुख होते यात शंका नाही. पण कथेचे काय झाले? ती दाराशी तिष्ठत उभी राहिली. सहवासाचा आनंद जेव्हा गोष्टीला असा ओलीस धरतो, तेव्हा गोष्ट ऐकायला आलेल्यावर अन्याय होतो. उलट बाजूचेही उदाहरण आहे. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आले. दादा कोंडके त्यात दर प्रयोगाला त्या दिवसाच्या बातम्यांवर आणि समोरच्या प्रेक्षकांवर नवे विनोद करीत. तरीही ते नाटक मोडले नाही. कारण त्याची कथा मुळातच इतकी सुटसुटीत ठेवलेली होती की कुठेही थांबले तरी धागा सापडे. जेथे हसण्यासाठी माणसे जमवायची तेथे गोष्ट हलकी हवी, हे जाणणाऱ्याचे ते काम होते.

आम्हा कामगारांचा या इतिहासात वाटा आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. पुढे १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांतही ते होते. परळला कामगारांसाठी नाट्यगृह बांधण्याचे काम या लीगनेच केले. कामगाराला वाचनालय हवे तसे नाटकही हवे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी तमाशाला नवे रूप दिले. गणात देवाऐवजी जनतेला वंदन आले, गौळण गेली. पण हसणे त्यांनी घालवले नाही. सोंगाड्या राहिला, आणि शाहिराच्या मागे सूर धरणारे झिलकरीही राहिले. मी मुद्दाम झिलकऱ्यांकडे लक्ष वेधतो. पोवाड्याची गोष्ट शाहीर सांगतो. झिलकरी एक शब्दही नवा सांगत नाही. पण त्याने 'जी जी' म्हणून सूर उचलला नाही तर शाहिराचा दम तुटतो आणि गोष्ट जागच्या जागी थांबते. सहकार्याची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

आता पडद्यावरच्या खेळांकडे वळू. त्यांचाही इतिहास पन्नास वर्षांहून अधिक आहे. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' निघाला. त्यात दोन माणसे, एक चेंडू, आणि गोष्ट मुळीच नाही. १९७४ साली त्याच देशात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ छापला. त्यात यंत्र नाही, पडदाही नाही. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात, आणि फासे टाकून निकाल लागतो. विष्णुदासांचा सूत्रधार आणि आयत्या वेळची भाषणे, यांचीच ही निराळ्या मुलखातली आवृत्ती नव्हे काय?

पुढे यंत्राने या दोन धाग्यांना आळीपाळीने ओढले. १९८५ सालचा 'गाँटलेट' हा चौघांनी उभे राहून खेळायचा खेळ. गोष्ट नावापुरती, पण अन्न कोणी खायचे यावर चौघांत खरीखुरी भांडणे होत. त्यानंतरचा 'काँट्रा' आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे आपल्या बाजारात आली आणि त्यांतून हा खेळ घराघरांत गेला. दोन सैनिक खांद्याला खांदा लावून पुढे जातात. त्या घरगुती आवृत्तीतला एक नियम मला फार आवडतो. एका गड्याचे सर्व 'प्राण' संपले तर तो साथीदाराच्या शिल्लक प्राणांतून एक घेऊन पुन्हा उभा राहू शकतो. कथा म्हणाल तर दोन ओळींची. पण या एका नियमाने दोन पोरांच्या मैत्रीची जेवढी परीक्षा घेतली तेवढी मोठमोठ्या कथांनी घेतली नसेल.

यंत्रे सुधारली तशा कथा लांबल्या, चित्रे सिनेमासारखी झाली, आणि खेळणारा बहुधा एकटा पडला. एकट्याला गोष्टीत बुडता येते, मध्ये बोलणारे कोणी नसते. दुसरीकडे, संगतीचे खेळ मोबाइलवर आणि महाजालावर गेले. तेथे चौघे कानाला यंत्र लावून रात्रभर बोलतात, पण गोष्ट बहुधा निमित्तमात्र उरते. म्हणजे एका बाजूला कथा आहे पण सोबती नाही, दुसऱ्या बाजूला सोबती आहेत पण कथा नाही. ही फाळणी सांधण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतले तीन सांगण्याजोगे आहेत.

पहिला २०१२ सालचा 'जर्नी'. यात अनोळखी दोन प्रवासी वाळवंटातून डोंगराकडे चालतात. त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, केवळ एक सूर काढता येतो. सोबत्याचे नाव कळते ते प्रवास संपल्यावर. येथे गोष्टीचा भंग होऊ नये म्हणून बोलणेच काढून घेतले आहे, पण सोबत ठेवली आहे. उपाय सुंदर आहे. परंतु मित्रमंडळींच्या खोलीत तो चालणार नाही, कारण तेथे माणसे बोलण्यासाठीच जमलेली असतात.

दुसरा २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या कंपनीचा हा प्रचंड खेळ चौघांना मिळून खेळता येतो. एकजण कोणाशी संभाषण करीत असता बाकीच्यांना ते ऐकता येते, कोणते उत्तर द्यावे याविषयी आपला कौलही दाखवता येतो, आणि कंटाळा आला तर दुसरीकडे भटकताही येते. ही ग्रामसभेची पद्धत झाली. तिचे गुण तिच्यात आहेत आणि दोषही. जो आधी बोलायला पुढे होतो त्याचीच गोष्ट होते, आणि भटकायला गेलेल्याला काय ठरले ते मागाहून कळते.

तिसरा प्रयत्न म्हणजे वडखळच्या खोलीत मी पाहिला तो 'इट टेक्स टू'. स्टॉकहोमच्या हेझलाइट या संस्थेने तो २०२१ साली काढला. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला पारितोषिक मिळाले. त्याचे सूत्रधार जोसेफ फारेस मूळचे चित्रपट दिग्दर्शक. हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे नवराबायको मुलीच्या अश्रूंनी बाहुल्या होतात, आणि पुन्हा माणूस होण्यासाठी त्यांना एकमेकांची मदत घ्यावी लागते. एका प्रकरणात नवऱ्याच्या हाती खिळे येतात आणि बायकोच्या हाती हातोडा. त्याने खिळा मारावा, तिने त्यावर हातोडा अडकवून झोका घ्यावा. पुढच्या प्रकरणात अवजारे बदलतात, पण दोघांची कधीच सारखी नसतात. झिलकरी आणि शाहीर! दुसऱ्याने आपला सूर उचलल्याखेरीज कथा एक पाऊल पुढे सरकत नाही. म्हणून जोडीदाराशी बोलणे हा येथे गोष्टीतला व्यत्यय ठरत नाही. "थांब, आता मार, आता उडी घे" हे बोलणेच गोष्टीला पुढे नेते.

शिवाय या खेळात वाटेवर पंचवीस लहान लहान खेळ पेरलेले आहेत. त्यांचा कथेशी संबंध नाही. दोघांनी घटकाभर एकमेकांविरुद्ध पैज लावावी, चिडवावे, हसावे, आणि पुन्हा वाटेला लागावे. तमाशाच्या बतावणीला जी जागा, तीच येथे यांना. त्या स्वीडिश मंडळींनी आपला तमाशा पाहिला असेल असे मला वाटत नाही. मनुष्यस्वभाव दोन्हीकडे एकच, म्हणून उत्तरही एकच निघाले. आणखी एक गोष्ट संघटनेचा माणूस म्हणून मला नोंदवावीशी वाटते. दोघांपैकी एकाने खेळ विकत घेतला तर दुसऱ्याला त्याच्याबरोबर तो फुकट खेळता येतो. गरीब मित्राला दाराबाहेर ठेवून मैत्रीची गोष्ट सांगता येत नाही, एवढे त्यांना समजले.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती या विषयाला सोडून नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकासमोर आमचा मांडव पडला होता. चौथ्या-पाचव्या रात्री लोकांचा धीर सुटू लागला. मी ठरवले की यांना चरीच्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगायची. अलिबाग तालुक्यातील चरीला १९३३ ते १९३९ अशी वर्षे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. उपाशी राहिले, जंगलातली लाकडे विकली, पण फुटले नाहीत. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. मी तयारी करून गेलो. मांडवात एका कोपऱ्यात पत्ते चालले होते, दुसऱ्या कोपऱ्यात कोणी साहेबाची नक्कल करीत होता. मी पत्ते बंद करायला लावले. नक्कल करणाऱ्याला म्हटले, "दादा, हा तमाशा नाही, लढा आहे." मग दीड तास बोललो. सगळे गप्प बसून होते. त्या शांततेला मी एकाग्रता समजलो.

दुसऱ्या रात्री मांडव अर्धा रिकामा होता. नक्कल करणारा तर आलाच नाही. एक वयस्क आगरी कामगार मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, गोष्ट चांगली होती. पण पोरं हितं एकमेकांच्या आधारानं बसत्यात. तुम्ही त्यांना एकेकटं करून टाकलंत." मला उत्तर सुचले नाही. तिसऱ्या रात्री मी त्या नकलाकाराच्या खोलीवर गेलो, क्षमा मागितली, आणि त्याला परत आणले. त्यानंतर आम्ही असे ठरवले की आधी अर्धा तास त्याची नक्कल आणि भजन, मग चरीची गोष्ट थोडी थोडी, आणि रोज कालची गोष्ट कोणी तरी दुसऱ्याने सांगायची. जो आदल्या रात्री पाळीवर होता त्याला त्यामुळे धागा मिळे. मांडव पुन्हा भरला. तो लढा आम्ही पुरता जिंकला नाही, हे मी लपवत नाही. पण तो मांडव शेवटपर्यंत मोडला नाही.

म्हणून त्या खोलीतला वाद मला क्षुल्लक वाटला नाही. 'गोष्ट ऐकू दे' म्हणणारा आणि 'मग आम्ही कशाला बसलोय' म्हणणारा, दोघेही खरे बोलत होते. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या पोराला पाळी सुटल्यावर दोन भुका असतात. एक, स्वतःला विसरायला लावील अशा गोष्टीची. दुसरी, आपल्याला नावाने हाक मारणाऱ्या माणसाची. पहिलीच भागली तर तो पडद्यात हरवतो आणि शेजारच्या खाटेवरचा आजारी असला तरी त्याला कळत नाही. दुसरीच भागली तर रोज तोच विनोद, तीच चेष्टा, आणि शेवटी तीही शिळी होते.

इतिहासाकडून मला यावर तीन गोष्टी मिळाल्या. हसण्याला तिची वेळ नेमून द्यावी, म्हणजे ती गोष्टीची वेळ खात नाही. हे कीर्तनाच्या मध्यंतराने आणि बतावणीने शिकवले. प्रत्येकाच्या हाती असे काम द्यावे की त्याच्यावाचून गोष्ट अडेल. हे झिलकऱ्याने शिकवले. आणि जो मागे पडला, ज्याला भाषा कळली नाही, जो पाळीवर होता, त्याच्यासाठी एक सूत्रधार असावा. हे विष्णुदासांनी शिकवले.

या तिसऱ्या गोष्टीविषयी दोन शब्द बोलून संपवतो. त्या खोलीत मी पुढे पुन्हा गेलो. तेव्हा कळले की विनोद करणाऱ्याला इंग्रजी मुळीच समजत नव्हते. बाहुल्या बोलू लागल्या की तो परका होई, आणि ते लपवण्यासाठी विनोद करी. हे त्याच्या जोडीदाराच्या ध्यानात आले होते. आता बाहुल्यांचे बोलणे लागले की तो नांदेडकडचा पोरगा मधून मधून मराठीत सांगत होता, ओडिशाचा ते अर्धे हिंदीत करीत होता, आणि विनोद करणारा ऐकत होता. मध्येच त्याने विचारले, "मग तिने त्याला माफ केलं का?" कोणी हसले नाही. "थांब, अजून कळायचंय," असे उत्तर मिळाले, आणि पाचही जण पडद्याकडे पाहू लागले. मी पावत्या खिशातच ठेवल्या आणि त्यांच्या चटईवर जागा करून बसलो.